आज फेरी नाही

एप्रिल लागला आणि पाणी समितीची वेबसाईट रोज सकाळी बंद पडू लागली. उजाडताना साऱ्या घरांतून एकदमच मोबाइल उघडले जायचे, पानावर गोल चाक फिरत राहायचं, आणि थोड्याच वेळात शरच्चंद्र घाट्यांचा मयुराला फोन यायचा.

"अगं, नुसतं चाक फिरतंय. आणि लोक मला फोन करतायत. मी एका वेळी किती जणांशी बोलू?"

"पाहते काका."

"काल पण पाहते म्हणालीस."

काल पण ती तसं म्हणाली होती, हे खरंच होतं.

कळमन्याच्या बाजारापलीकडे, भंडारा रोड सोडून आत वळलं की एकामागून एक प्लॉटांचे लेआउट उठत गेलेत, पण नळ अजून तिथवर पोचलेला नाही. होळीच्या आधीच घरोघरचे बोअर बसतात. म्हणून तिथल्या दहा-बारा लेआउटांनी मिळून समिती केली होती, टँकर लावले होते आणि गल्लीगल्लीच्या फेऱ्या ठरवल्या होत्या. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले घाटेकाका समितीचे सचिव. मयुरा वासनिक चौथ्या गल्लीत राहायची, घरूनच एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम करायची, आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी तिने हौसेने समितीला ही वेबसाईट करून दिली होती. साधंच काम. आपली गल्ली निवडायची, आज टँकर किती वाजता ते दिसतं. नत्थू नावाचा ड्रायव्हर रस्त्यात काही बदललं तर स्वतःच्या मोबाइलवरून वेळ बदलायचा.

तेव्हा मयुराला हौस होती. आता तिच्या कंपनीतले निम्मे लोक गेले होते आणि काम तेवढंच राहिलं होतं. नवरा प्रेमानंद खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर असायचा. कधी सकाळी जायचा, कधी संध्याकाळी, आणि उरलेला वेळ झोपायचा. घरात दिवसभर जागं असणारं माणूस म्हणजे ती आणि सासू इंदूबाई.

शनिवारी दुपारी तिने पडदे ओढले आणि लॅपटॉप घेऊन कूलरसमोर बसली. कूलर पाणी पितो म्हणून तो दुपारचाच लावायचा, असा इंदूबाईंचा नियम होता. तेवढ्या वेळात काम उरकायचं असं मयुराने ठरवलं.

बसण्यापूर्वी तिने काकांना फोन केला. "काका, सर्व्हरवर एक कॅश बसवते आहे. थोडा वेळ साईट बंद राहील."

"कॅश? समितीकडे कुठली आली कॅश?"

"पैसे नाहीत हो काका. ते वेगळं असतं."

"मग ठीक आहे," काका म्हणाले. त्यांच्या आवाजावरून खरोखरच हायसं वाटल्याचं कळत होतं.

इंदूबाई जमिनीवर चटई टाकून आडव्या झाल्या होत्या. डोळे मिटलेले, पण झोप नव्हती. "काय करून राहिली वं?" त्यांनी विचारलं.

मयुराने जरा विचार केला. "आई, समजा तुम्ही फाटकात बसल्या आहात. येणारा-जाणारा विचारते, टँकर कधी? तर तुम्ही दर वेळेस उठून आत येता काय, भिंतीवरचा कागद पाहाले?"

"मी काहून उठू? एकदा पाह्यलं का ध्यानात राह्यते."

"तेच. आपला सर्व्हर दर वेळेस उठून आत जाते. सातशे जण विचारतात तर सातशे वेळा जाते. म्हणून त्याची कंबर मोडते. त्याले फाटकातच ध्यानात ठेवाले शिकवून राहिली."

"मंग इतके दिवस काहून नाही शिकवलं?" असं म्हणून इंदूबाईंनी कूस बदलली.

मयुराने रेडिस नावाचं कॅशचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते माहिती डिस्कवर न ठेवता सरळ मेमरीत धरून ठेवतं, म्हणून उत्तर पापणी लवायच्या आत देतं. त्याला सर्व्हरच्या मेमरीतला थोडा तुकडा नेमून दिला, तो भरला तर जे कधीचं कोणी विचारलं नाही ते आधी टाकून द्यायचं असं सांगितलं, बाहेरच्या कोणाला आत डोकावता येऊ नये म्हणून दार आतल्या आतच उघडं ठेवलं आणि पासवर्ड लावला. मग साईटच्या कोडमध्ये चार ओळी घातल्या. कोणी गल्लीची वेळ विचारली तर आधी मेमरीत बघ. तिथे नसेल तरच डेटाबेसकडे जा, आणि आणलेलं उत्तर मेमरीत ठेवून दे.

शेवटी एकच आकडा राहिला होता. ठेवलेलं उत्तर किती वेळ खरं मानायचं? फेऱ्या पहाटे लागतात आणि दिवसभर त्याच असतात, असं तिने धरलं. चार तास, असं लिहिलं. तेवढ्यात कंपनीतून निरोप आला की कोणाचं तरी काहीतरी अडलंय, आणि तिने ती खिडकी मिटून दुसरी उघडली. डोकं ठणकत होतं. कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा फिरत होता.

सोमवारी सकाळी काकांचा फोन आला नाही. मंगळवारीही आला नाही. बुधवारी संध्याकाळी ते स्वतःच आले, हातात कैऱ्यांची पिशवी घेऊन. वरांड्यातल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मयुरा, आज सकाळी मी चहा गरम असताना प्यायलो. किती वर्षांनी, सांगता येणार नाही." इंदूबाईंनी कैऱ्या हुंगून पाहिल्या आणि पन्ह्याला बऱ्या आहेत असा निर्णय दिला.

त्या आठवड्यात मयुराला जरा बरं वाटत होतं. कंपनीत कुणी चांगलं म्हणत नसलं तरी इथे एक गोष्ट नीट झाली होती.

मग एका दुपारी फाटक वाजलं. चेहऱ्याला दुपट्टा बांधलेली एक बाई उन्हात उभी होती. दोन्ही हातांत रिकाम्या कॅन. तिने दुपट्टा खाली ओढला तेव्हा मयुराला ओळखीचा चेहरा वाटला. सहाव्या गल्लीतली सरिता. फळबाजारात आंबे निवडायच्या कामाला जायची.

"वेबसाईटवाल्या ताई तुमीच ना?"

"हो. या ना आत."

"आत नाही येत. हे पाहा." तिने मोबाइल पुढे केला. काचेला तडा गेलेला होता, पण अक्षरं वाचता येत होती. सहावी गल्ली, दुपारी दोन. "दोन लिहून होतं म्हणून मी कामावरून अर्धी सुट्टी घेऊन आली. तं शेजारीण म्हणते, टँकर अकरालेच येऊन गेला. माझे ड्रम तसेच कोरडे. असं काहून लिहिता तुमी?"

मयुराने स्वतःच्या मोबाइलवर पान उघडलं. झटकन उघडलं. दुपारी दोन. तिने तिथेच उभ्या उभ्या नत्थूला फोन लावला.

"ताई, मी तं सकाळीच बदलून टाकलं," नत्थू म्हणाला. टँकरच्या इंजिनात त्याचा आवाज अर्धा बुडत होता. "भरायच्या ठिकाणचा बोर दम टाकून राहिला ना. म्हणून सहावी गल्ली आधी घेतली, अन् बटन दाबलं. तुमची शपथ."

शपथेची गरज नव्हती. नत्थूने बदललेली वेळ डेटाबेसमध्ये नीट बसली होती. पण त्याच्या आधी कोणीतरी सहाव्या गल्लीचं पान उघडलं होतं, जुनं उत्तर मेमरीत जाऊन बसलं होतं, आणि चार तास तेच सगळ्यांना सांगितलं जात होतं. नवं काही आलंय हे मेमरीला कोणी कळवलंच नव्हतं. ते कळवायचं काम तिचं होतं.

"चूक माझीच आहे," ती सरिताला म्हणाली. "मशीनने जुनी वेळ धरून ठेवली."

सरिताने तिच्याकडे पाहिलं. भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला समोरच्याने एकदम मान खाली घातली की काय करावं ते कळत नाही, तसं तिचं झालं. मग ती हळूच म्हणाली, "माझा बाबा अंथरुणात असते, ताई. लकवा आहे. रोज चादरी धुवा लागतात. नाही तं मी आली नसती."

"कॅन द्या इकडे."

मयुराने घरातल्या ड्रममधून दोन्ही कॅन भरल्या. इंदूबाई दारात उभ्या राहून ड्रमातली पातळी खाली जाताना पाहत होत्या. सरिता गेल्यावर म्हणाल्या, "आज भांडे राखेनं घासजो."

त्याच दुपारी मयुराने दुरुस्ती केली. नत्थूने बटन दाबलं की त्या गल्लीचं मेमरीतलं उत्तर त्याच क्षणी पुसायचं, म्हणजे पुढच्या माणसाला नवं मिळेल. आणि काही राहून गेलंच तरी जुनं उत्तर पाच मिनिटांच्या वर टिकायचं नाही. पाच-सहा ओळींचं काम. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आणि हे कळायला कोणी हुशार असायची गरज नव्हती, नुसतं दमलेलं नसायला हवं होतं. तिने नत्थूकडून दोनदा वेळ बदलून घेतली आणि दोन्ही वेळा पान लगेच बदललं. संध्याकाळच्या मीटिंगला ती उशिरा पोचली. कारण विचारलं तेव्हा "नेटवर्क" म्हणाली.

मे महिन्यात साईट अगदी बिनचूक चालत होती. जे नत्थू दाबेल ते क्षणात सगळीकडे दिसायचं. समितीने सगळ्या ग्रुपवर निरोप टाकला की यापुढे चौकशीसाठी फोन करू नये, वेबसाईट पाहावी. घाटेकाकांनी समितीचा जुना मोबाइल बंद करून कपाटात ठेवून दिला.

आणि त्याच महिन्यात पाणी कमी पडू लागलं. टँकर भरायचे ते दोन्ही मोठे बोअर ओढ खाऊ लागले. एका टँकरला पूर्वीच्या दुप्पट वेळ भरायला लागायचा. रोज दोन-तीन गल्ल्या वगळाव्या लागत. वगळलेल्या गल्लीच्या पानावर वेळेच्या जागी तीन शब्द येत: आज फेरी नाही. ते शब्द मयुरानेच कधीतरी लिहून ठेवले होते, गरज पडली तर असावेत म्हणून.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती संध्याकाळी दूध आणायला निघाली. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली सरिता उभी होती. कामावरून नुकतीच आलेली, चपला धुळीने भरलेल्या. ती मोबाइलचं पान अंगठ्याने खाली ओढत होती, थांबत होती, परत ओढत होती.

"काय करून राहिल्या?" मयुराने विचारलं.

"काही नाही." सरिता ओशाळली. "ओढून पाहून राहिली, बदलते काय म्हणून. कालपासून फेरी नाही आमच्या गल्लीत."

मयुराने पाहिलं. पान दर वेळी नव्याने येत होतं, दर वेळी खरं सांगत होतं.

"बाबांचं कसं?"

"शेजारीण एक बादली देते. तिलेबी किती मागू?" सरिताने मोबाइल पर्समध्ये टाकला. "आधी बरं होतं, ताई. राग नका येऊ देऊ. साईट बंद राह्यली का घाटेकाकाले फोन करा लागे. मंग ते इचारत, बाबा कसा आहे. अन् नत्थूभाऊले सांगत. शेवटच्या फेरीनंतर टाकीत थोडंफार उरते ना, ते आमच्याकडे येऊन जाये. फेरी असो का नसो. आता कोणाले सांगू? ह्याले?" तिने पर्सवर थाप मारली.

मयुरा दूध घेऊन घरी आली आणि ओट्यावर पिशवी ठेवून तशीच उभी राहिली. मग परत चपला घालून पहिल्या गल्लीत काकांकडे गेली.

काका दिवाणावर पडले होते. उठून बसले. त्यांची मुलगी अरुंधती पुण्याहून आली होती, तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. अर्धाच भरलेला होता. पहिल्या गल्लीतही त्या दिवशी फेरी नव्हती.

मयुराने सरिताचं सांगितलं. काका ऐकत राहिले.

"हो," ते म्हणाले. "लहानू. तिच्या वडिलांचं नाव लहानू. त्याला उरलेलं पाणी पाठवायचो मी. आठव्या गल्लीत एक बाळंतीण होती. तिकडे टोकाला एक म्हातारा-म्हातारी, त्यांना बादली उचलवत नाही, त्यांच्या टाकीत पाइपच सोडायला लावायचो. नत्थू कुरकुर करायचा, पण करायचा."

"मला माहीत नव्हतं."

"तुला कुठून माहीत असणार? मी कुठे कोणाला सांगितलं? फोनवर कळायचं, फोनवरच मिटायचं."

"काका, फोन परत सुरू करता? फक्त अशा लोकांसाठी?"

अरुंधतीने त्यांच्याकडे पाहिलं, मग मयुराकडे, आणि ती आत निघून गेली.

"अगं, एकाला बादली मिळायची, तर दहा जणांना नाही म्हणावं लागायचं," काका म्हणाले. "ते दहा जण मला शिव्या द्यायचे. कुणी रडायचं. आठ उन्हाळे मी नाही, नाही, नाही म्हणत आलो. आता ते 'नाही' पान म्हणतं. त्याला शिव्या दिल्या तर त्याला ऐकू येत नाही. मला किती बरं वाटतं म्हणून सांगू? दुपारी झोप लागते मला." त्यांनी डोळे पुसले, घामामुळे की कशामुळे ते कळलं नाही. "नाही जमणार आता मयुरा. मी थकलो गं."

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. ती त्यांचं ऐकताना स्वतःचंच ऐकत होती.

"कोणाकोणाला गरज आहे ते मला सांगा," ती म्हणाली. "मी नत्थूच्या पानावर टाकते."

"सांगतो. पण ते आज खरं असेल. लहानू महिनाभर तरी आहे की नाही कोण जाणे. बाळंतीण माहेरी गेली असेल. विचारत राहावं लागतं."

घरी परत येताना ती साईटवर गरज नोंदवायची सोय करावी का याचा विचार करत होती. एक रकाना द्यायचा, कारण लिहा म्हणून. पण रकाना दिला तर सातशे घरं कारण लिहितील, आणि प्रत्येकाचं खरंच असेल. ते वाचून ठरवायला पुन्हा कोणीतरी लागेल. शेवटी तिने फारसा विचार न करता एक गोष्ट केली. आज फेरी नाही, ह्या शब्दांखाली एक ओळ घातली: घरात आजारी माणूस असल्यास फोन करा. आणि खाली स्वतःचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन वाजू लागला. पहिले काही तिने घेतले. एकाच्या घरी साखरपुडा होता. एकाकडे आजारी कोणी नव्हतं, पण म्हणाला, असं चाललं तर पडेल. एक बाई काही न मागता नुसतीच बोलत राहिली. अकरा वाजता कंपनीची मीटिंग सुरू झाली आणि फोन टेबलावर थरथरत राहिला. समोरच्या स्क्रीनवर तिचा साहेब विचारत होता की गेल्या आठवड्याचं काम का रेंगाळलंय. ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात इंदूबाई आत आल्या, त्यांनी थरथरणारा फोन उचलला आणि बाहेर घेऊन गेल्या.

मीटिंगभर वरांड्यातून सासूचा आवाज येत राहिला.

"कोण बोलून राहिलं? ... कोणत्या गल्लीतून? ... साखरपुडा? मंग पुढं ढकला ना गा. पाणी नाही अन् साखरपुडा कायचा? ... कोण आजारी आहे? काय झालं? ... डॉक्टरले दाखवलं काय?"

मीटिंग संपवून मयुरा बाहेर आली. इंदूबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या, फोन मांडीवर.

"आई, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तू मीटिंगमध्ये होती ना. अन् मी दिवसभर काय करते? छतच पाहते ना." त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, "दोघं खरे आहेत. एक लहानू, त्याच्या पोरीनं बाजारातून फोन केला. अन् एक बारक्या पोराले जुलाब लागले. बाकीच्याइले मी नाही म्हटलं. नत्थूले लाव बरं फोन, मले नाही लावता येत त्याचा."

मयुराने लावून दिला. इंदूबाईंनी नत्थूला सांगितलं, उरलेलं पाणी आधी कुठे आणि मग कुठे. नत्थू काहीतरी म्हणाला. "तुले कोण हुकूम करते बाप्पा?" इंदूबाई म्हणाल्या. "विनंती करून राहिली. पण आजच जाजो."

संध्याकाळी सरिताचा फोन आला, दीड ड्रम भरला म्हणून. लगेच तिने ठेवलाही. चादरी धुवायच्या होत्या तिला.

पुढचे दिवस असेच गेले. बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, कावळेसुद्धा चोच उघडी ठेवून सावलीत बसायचे. फोन इंदूबाईंचाच झाला. प्रेमानंद रात्रपाळीहून येऊन झोपायला जायचा तेव्हा कानावर उशी घ्यायचा. इंदूबाई सगळ्यांशी गोड बोलत होत्या असं नाही. त्या चिडायच्या, लोकांना झापायच्या, एकाच माणसाला दोनदा नाव विचारायच्या. एकदा त्यांनी ज्याला नाही म्हटलं तो माणूस फाटकाशी येऊन मोठमोठ्याने बोलून गेला. तुमच्या बापाचं पाणी आहे काय, असं म्हणाला. त्या दुपारी इंदूबाई जेवल्या नाहीत. मयुराने नंबर काढून टाकते म्हटलं. "राहू दे," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटेकाका आले. त्यांना कोणीतरी ते फाटकाचं सांगितलं असावं. वरांड्यात इंदूबाईंच्या बाजूच्या खुर्चीवर बसले, चहा घेतला. फोन वाजला तसे जरा दचकले. इंदूबाई बोलत असताना ते हळूच म्हणाले, "त्याला सांगा, काल त्याच्या भावाच्या घरी पाणी आलंय. भाऊ मागच्याच गल्लीत राहतो." इंदूबाईंनी तसं सांगितलं. पलीकडच्या माणसाने फोन ठेवला. काका तासभर थांबले आणि निघून गेले. त्यांनी फोन हातात घेतला नाही. पण त्यानंतर ते अधूनमधून येऊन बसू लागले.

पाणी मात्र वाढलं नाही. खरं सांगायचं तर ह्या सगळ्या फोनांनी दिवसाला चार-पाच घरांना बादली-दोन बादली जास्त मिळत होती, तेवढंच. बाकीच्यांना पूर्वीसारखंच 'नाही' ऐकायला मिळत होतं, फक्त ते एका माणसाच्या तोंडून.

नवतपा संपत आला होता तेव्हा चौथ्या गल्लीचीच फेरी लागोपाठ दोन दिवस रद्द झाली. घरातला ड्रम तळाला लागला. कूलर बंद. मयुरा ओला टॉवेल मानेवर घेऊन काम करत होती, आणि तो टॉवेलही कोरडा होत आला होता.

"आई, नत्थूला सांगायचं का?" तिने विचारलं. "उरलेल्यातला एक ड्रम."

"आपल्या घरी कोण आजारी आहे?"

"कोणी नाही."

"मंग?"

मयुराने प्रेमानंदला फोन केला. संध्याकाळी तो खापरखेड्याच्या कॉलनीतल्या मित्राकडून दोन कॅन भरून घेऊन आला, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी बांधून. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. एका कॅनचं झाकण सैल होतं, ती वाटेत अर्धी सांडली होती. त्याला कोणी काही म्हटलं नाही. स्वयंपाकापुरतं पाणी वेगळं काढलं, उरलेल्यात तिघांनी अंग पुसून घेतलं.

सकाळी मयुराने उठून सवयीने सर्व्हर पाहिला. उजाडल्यापासून शेकडो जणांनी पान उघडलं होतं आणि सगळ्यांना क्षणात उत्तर मिळालं होतं. मेमरी निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. कुठे काही अडलं नव्हतं. तिने चौथ्या गल्लीचं पान उघडलं, आजही तेच तीन शब्द वाचले आणि पान मिटलं. मग कंपनीचं काम उघडलं. कालचंच राहिलेलं होतं.

बाहेर फोन वाजला.

"कोण बोलून राहिलं?" इंदूबाईंचा आवाज आला. मग बराच वेळ त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या इथंबी तीन दिवस झाले नाही आलं, बाई." पुन्हा ऐकलं. "काय करतो म्हणजे? बसून आहो. तुमी काय करून राहिल्या?"

आणि त्या बोलत राहिल्या.